झाडाच्या दोन सावल्या

मे महिन्याच्या अखेरीस विदर्भात ‘नवतपा’ लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस अतिशय कडक उन्हाचे जातात, असा लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून त्या दिवसांना हे नाव पडले. साधारणपणे २५ मे रोजी नवतपा सुरू होतो. नागपूरपुरते पाहिले तर यात एक मौजेची गोष्ट आहे. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर वसले आहे. मध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो, तो २६ मेच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास जमिनीत सरळ उभ्या रोवलेल्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. जुलैच्या मध्यास सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा डोक्यावर येतो. पण तोवर पावसाळी ढगांनी आकाश झाकलेले असते. मे महिन्यात तसा आडोसा नसतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, ते याच दिवसांत.

अशा उन्हात दिवसभर तापलेले घर रात्री अकरा वाजले तरी निवत नाही. भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. मग मनात प्रश्न येतात. घराभोवती झाडे लावली तर घर खरोखर थंड राहते का? राहत असेल तर ती कोणत्या बाजूला लावावीत? आणि ज्या उन्हात मोठी माणसे हैराण होतात, त्या उन्हात वीतभर रोपाने तग धरावा तरी कसा? या तीनही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती आपण क्रमाने पाहू.

पश्चिमेची भिंत

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याचे किरण भिंतींना जवळजवळ समांतर जातात. त्या वेळी ऊन पडते ते छपरावर. भिंतींवर ते फारसे पडत नाही. पण तीन वाजल्यानंतर चित्र पालटते. सूर्य पश्चिमेकडे कलतो, किरण तिरपे होतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर थेट आदळू लागतात.

हे ऊन किती असते, याचा एक साधा हिशेब करू. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट इतके ऊन पडते असे धरा. भिंत ५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच असली तर तिचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर झाले. म्हणजे त्या एका भिंतीवर सुमारे ७,५०० वॅट ऊर्जा पडते. एक हजार वॅटच्या सात-आठ विजेच्या शेगड्या भिंतीसमोर पेटवून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा! यातली काही उष्णता परावर्तित होते, काही वाऱ्याबरोबर जाते. पण उरलेली भिंतीत मुरते.

विटांच्या नऊ इंची भिंतीतून ही उष्णता आतल्या बाजूस पोहोचायला सहा-सात तास लागतात. चार वाजता बाहेरून आत शिरलेली उष्णता रात्री दहा-अकरा वाजता आपल्या खाटेपर्यंत येते. घर रात्री का निवत नाही, त्याचे एक मोठे कारण हे. भिंत तापल्यावर आतून पडदे ओढणे म्हणजे वरातीमागून घोडे नेण्यासारखे आहे. ऊन अडवायचे तर ते भिंतीच्या बाहेरच अडवले पाहिजे.

दक्षिणेच्या भिंतीचे काय? मेच्या अखेरीस नागपुरात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जवळजवळ नसतेच. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून हवेसे ऊन घरात येते. तेव्हा दक्षिणेची बाजू शक्यतो मोकळी ठेवावी, आणि झाडांचा पहिला मान पश्चिमेला, दुसरा पूर्वेला द्यावा.

काठीने सावली मोजा

झाड भिंतीपासून किती अंतरावर लावावे? पुस्तक न उघडता याचे उत्तर काढता येते. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी उभी रोवा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तिची सावली मोजा. नागपूरच्या अक्षांशावर दुपारी तीन वाजता ती सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटर भरेल, चार वाजता सुमारे १३५ सेंटिमीटर आणि पाच वाजता सुमारे २३५ सेंटिमीटर.

आता ६ मीटर उंचीचे एक झाड पश्चिमेच्या भिंतीपासून ५ मीटर अंतरावर उभे आहे असे समजा. तीन वाजता त्याच्या शेंड्याची सावली भिंतीच्या पायाशी पोहोचते. चार वाजता ती भिंतीवर सुमारे सव्वादोन मीटर उंच चढते, म्हणजे खिडकी झाकली जाते. पाच वाजता ती जवळजवळ चार मीटर उंचीवर जाते, म्हणजे तीन मीटरची सगळी भिंत सावलीत येते. नेमक्या ज्या वेळी शेगड्या पेटतात, त्याच वेळी झाड आड येते. हेच झाड १२ मीटर दूर लावले तर? चार वाजता त्याची सावली भिंतीपर्यंत पोहोचणारच नाही. काठीच्या मापावरून हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

एक बारकावा ध्यानात ठेवा. या दिवसांत संध्याकाळचा सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेस असतो, त्यामुळे सावली किंचित दक्षिणेकडे सरकून पडते. म्हणून झाड खिडकीच्या बरोबर समोर न लावता सुमारे एक मीटर उत्तरेकडे लावावे.

भिंतीच्या फार जवळ मात्र मोठे झाड नको. विदर्भातील बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मुळांनी पायाजवळचे पाणी शोषून घेतले तर माती असमान आकसून भिंतीला तडे जाऊ शकतात. वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे तर भिंतीच्या फटींतही शिरतात. त्यांची जागा गावाच्या चौकात किंवा मैदानात. ज्यांच्या घराला पश्चिमेकडे पाच मीटर जागाच नाही, त्यांनी भिंतीपासून हातभर अंतरावर मांडव घालून त्यावर घोसाळी, तोंडली किंवा मधुमालतीचा वेल चढवावा. वेलाचे पानही झाडाच्या पानासारखेच ऊन अडवते.

झाड, माठ आणि कूलर

सावली तर पत्र्याचीही पडते. मग पत्र्याखाली बसणे आणि कडुनिंबाखाली बसणे यांत एवढा फरक का वाटतो?

पत्रा उन्हाने तापतो, आणि तापला की स्वतःच खाली उष्णता फेकू लागतो. पान तसे तापत नाही. पानांवर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मुळांनी शोषलेले पाणी या छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन असे नाव आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती पानातून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने, आणि वाळ्याच्या ताट्यांचा किंवा लाकडी भुशाचा कूलर खोली गार करतो तोही याच कारणाने. माठ, कूलर आणि झाड ही तिन्ही एकाच तत्त्वावर चालतात.

उन्हाळी तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. हिला अप्रकट उष्णता म्हणतात. कारण ती खर्च होते, पण तापमापकावर दिसत नाही. समजा, पुरेसे पाणी मिळालेल्या एका मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी बाहेर टाकले. १०० लिटर म्हणजे १,००,००० ग्रॅम. त्यासाठी ५८,००० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडली. एक टनी वातानुकूलन यंत्र तासाला सुमारे ३,००० किलोकॅलरी उष्णता खोलीबाहेर काढते. म्हणजे ते यंत्र सुमारे १९ तास चालावे, एवढी ही उष्णता झाली.

पण या आकड्याने हुरळून जाऊ नका. यंत्र बंद खोलीत काम करते. झाड उघड्यावर उभे असते, आणि त्याने गार केलेली हवा वारा क्षणात दूर नेतो. एकट्या झाडाखाली तापमापक टांगला तर तेथील हवा मोकळ्या जागेपेक्षा बहुधा एखाद-दुसऱ्या अंशानेच गार भरते. मग आपल्याला एवढे बरे का वाटते? कारण अंगावर पडणारे थेट ऊन थांबते, पायाखालची तापलेली जमीन झळा मारत नाही, आणि डोक्यावर पत्र्यासारखा तापलेला पृष्ठभाग नसतो. आपले शरीर हवेइतकेच भोवतालच्या वस्तूंच्या प्रारणानेही तापते. हवामान खात्याचे तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, ते याचसाठी. तेथे हवेचे तापमान मोजायचे असते, उन्हाचे नव्हे.

आणखी एक अट आहे. झाड गारवा देते ते पाण्याच्या मोबदल्यात. जमिनीत पाणी उरले नाही की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. कूलरची टाकी रिकामी झाल्यावर नुसता पंखा फिरावा, तशी त्याची स्थिती होते. ही टाकी म्हणजे झाडाच्या मुळांभोवतीची माती.

मे महिन्यात पाने कोणाला असतात?

घराजवळ पानझडी झाडे लावावीत, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळते, असा सल्ला थंड देशांतील पुस्तकांत दिलेला असतो. तेथे झाडे थंडीमुळे निष्पर्ण होतात, म्हणून तो सल्ला तेथे योग्य आहे. आपल्याकडील पानगळ मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे होते. सागाचे झाड पाहा. ऐन एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या फांद्या उघड्या असतात आणि पाऊस आल्यावर पाने फुटतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचे ते वैभव खरे. पण घराच्या पश्चिमेला सावलीसाठी त्याचा उपयोग नाही. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लखलखतो, तेव्हा त्यालाही पाने थोडीच असतात.

कडुनिंबाची तऱ्हा वेगळी आहे. त्याची जुनी पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी होऊन गळतात आणि लगेच तांबूस पालवी फुटते. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने खातो, ती हीच. ऊन वाढेपर्यंत हे झाड पुन्हा गर्द होते. करंजही असाच, एप्रिलमध्ये तो चकचकीत पोपटी पालवीने भरून जातो. आंबा, जांभूळ आणि बकुळ ही तर सदाहरित झाडे. लहान अंगणाला बकुळ फार सोयीची. तिची वाढ सावकाश, पण सावली दाट. लवकर आडोसा हवा असेल तर शेवगा लावतात. तो भराभर वाढतो. मात्र त्याची सावली विरळ असते आणि फांद्या ठिसूळ असतात.

तुमच्या गावातील कोणत्या झाडाला मे महिन्यात पाने असतात, याची नोंद तुम्हीच करा. दर पंधरा दिवसांनी दहा झाडे पाहून वहीत ‘पाने नाहीत’, ‘पालवी’, ‘पूर्ण पाने’ असे लिहीत गेलात, तर वर्षाअखेर तुमच्या गावापुरते एक उत्तम कोष्टक तयार होईल.

दुसरी सावली

आतापर्यंत आपण झाडाच्या वरच्या सावलीविषयी बोललो. झाडाला आणखी एक सावली असते. ती त्याच्या पायाशी पसरलेली असते, आणि आपण तिला कचरा म्हणतो!

जंगलात जाऊन पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळतात आणि जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. त्यानंतर लगेच उन्हाळा येतो. म्हणजे जमीन सर्वांत जास्त तापायच्या वेळी तिच्यावर पांघरूण घातलेले असते. झाडाला पुढचे कळते असे नव्हे. पाण्याच्या ताणामुळे पाने गळतात, इतकेच. पण त्याचा लाभ मातीला आणि मुळांना होतो.

उघडी जमीन उन्हाळ्याच्या दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तिच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या घरात जाऊ शकते. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीवर दिवसरात्रीचा फरक फारच थोडा जाणवतो हे खरे. परंतु पाणी आणि अन्न शोषणारी झाडाची बारीक मुळे बरीचशी वरच्या थरातच असतात. लहान रोपाची तर जवळजवळ सगळीच. भाजतात ती नेमकी हीच मुळे.

काळ्या मातीत आणखी एक आपत्ती येते. ती वाळली की तिला भेगा पडतात. या भेगा बारीक मुळे तोडतात आणि खालच्या ओलसर थरांना हवेची वाट मोकळी करून देतात. शेतकरी पिकात डवरणी किंवा कोळपणी करतो, तेव्हा तण तर निघतेच. शिवाय वर भुसभुशीत कोरडी माती पसरते, भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. डवरणी म्हणजे एका अर्थी मातीनेच मातीवर घातलेले पांघरूण.

झाडाच्या पायाशी पालापाचोळा, गवत, भाताचे तणस, गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट पसरणे, याला आच्छादन म्हणतात. आजकाल बागाईतदारांच्या तोंडी ‘मल्चिंग’ हा शब्दही सर्रास असतो. हा थर नेमके काय करतो?

पहिली गोष्ट, तो मातीवर थेट ऊन पडू देत नाही. दुसरी, पानांच्या मधल्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते. स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक. गोधडी ज्या कारणाने ऊब राखते, त्याच कारणाने हा थर उष्णता खाली जाऊ देत नाही. तिसरी, मातीलगतची दमट हवा वाऱ्याबरोबर उडून जात नाही, म्हणून बाष्पीभवन मंदावते. चौथी, मातीतील बारीक नळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते ते पृष्ठभागापर्यंतच. आच्छादनातील मोठ्या पोकळ्यांतून ते पुढे चढू शकत नाही. पाचवी गोष्ट सावकाश घडते. बुरशी, जिवाणू, गांडुळे आणि वाळवी हा पाचोळा कुजवतात, आणि पानांत गेलेली द्रव्ये पुन्हा मुळांकडे येतात.

हे कुजणे किती मोलाचे आहे, याचा पद्धतशीर अभ्यास आपल्या शेजारीच, इंदूर येथे झाला. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघा शास्त्रज्ञांनी शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली.

इतके असूनही दर मार्च महिन्यात आपण काय करतो? अंगण आणि शाळेचे आवार झाडून पानांचा ढीग करतो आणि त्याला काडी लावतो. मातीचे पांघरूण आणि झाडाचे खत दोन्ही धुरात जातात. तो धूर आपल्याच छातीत भरतो. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि दंडही ठरवला. पण दंडाच्या भीतीपेक्षा, हे जळते आहे ते नेमके काय, हे कळणे अधिक महत्त्वाचे.

आच्छादन घालताना

(१) जमीन ओली असताना आच्छादन घालावे. कोरड्या मातीवर घातले तर ते कोरडेपणाच टिकवते. पावसाळा संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला थर द्यावा आणि पानगळ झाल्यावर तो वाढवावा.

(२) थर ७ ते १० सेंटिमीटर जाड असावा. फार पातळ थरातून ऊन आत शिरते. फार जाड थरातून थोडे पाणी खाली पोहोचतच नाही.

(३) खोडाभोवती १० ते १५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. ओला पाचोळा सालीला चिकटून राहिला तर साल कुजते. खोडाभोवती ढीग रचणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

(४) घराच्या भिंतीला लागून आच्छादन घालू नये. वाळवीला ती वाट मिळते. चूल, शेकोटी आणि विडी-काडी यांपासूनही ते दूर असावे, कारण वाळकी पाने चटकन पेट घेतात.

(५) पाचोळ्यात विंचू किंवा साप दडू शकतो. तो हाताने न चाळता नेहमी काठीने किंवा दाताळ्याने हलवावा.

(६) लाकडाचा ताजा भुसा एकट्याने वापरू नये. तो कुजवणारे जिवाणू मातीतील नायट्रोजन वापरून टाकतात आणि रोप पिवळे पडते. त्याच्याखाली कुजलेले शेणखत पसरावे.

जुलैची लावणी, मेची परीक्षा

आपल्याकडे झाडे लावली जातात ती जुलै महिन्यात. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत मिळून ५० कोटींहून अधिक झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले गेले होते. लावणीसाठी जुलै योग्यच आहे. जमीन ओली असते आणि हवा दमट असते. पण त्या दिवशी मोजली जातात ती लावलेली झाडे. जगलेली झाडे मोजायची तर पुढच्या मे महिन्यात जावे लागते. पावसाळ्यात जोमाने वाढलेले रोप त्याच्या पहिल्या नवतप्यात जगते की नाही, यावरच सारे ठरते.

म्हणून लावणीच्या वेळीच उन्हाळ्याचा विचार करावा. उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर माती आणि कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. रोपाची पिशवी काढून टाकावी. मुळे गोल गोल गुंडाळली गेली असतील तर ती अलगद मोकळी करावीत. खोडाचा जो भाग पिशवीत मातीच्या वर होता, तो खड्ड्यातही मातीच्या वरच राहिला पाहिजे. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे गुदमरतात. म्हणून तेव्हा आळ्याचा काठ एका बाजूने फोडून ठेवावा आणि पाऊस संपल्यावर तो बांधून घ्यावा.

पाणी किती द्यावे? एक मीटर व्यासाच्या आळ्यात २० लिटर पाणी ओतले तर ते सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पावसाएवढे होते. मे महिन्यात विदर्भात उघड्या भांड्यातील पाण्याची पातळी दिवसाला १० मिलिमीटरहूनही अधिक खाली जाऊ शकते. यावरून आच्छादन नसलेल्या आळ्यातील वरचा थर किती झटपट वाळत असेल, ते कळेल. रोज तांब्याभर पाणी शिंपण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदम बादलीभर द्यावे. थोडे पाणी वरच्या वर वाळते. भरपूर पाणी खोल मुरते आणि मुळेही त्याच्यामागे खोल जातात. झाड वाढेल तसे आळेही बाहेर सरकवावे, कारण नवी मुळे खोडाजवळ नसून फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात. पहिले दोन-तीन उन्हाळे एवढी काळजी घेतली की बहुतेक देशी झाडे आपले आपण सांभाळू लागतात.

लहान रोपाची अडचण अशी, की त्याला स्वतःचा पाचोळा नसतो. तो त्याला मोठ्या झाडाकडून आणून द्यावा लागतो.

प्रयोग करून पाहा

सारख्या मापाच्या, भोके नसलेल्या चार बादल्या घ्या. प्रत्येकीत ५ किलो कोरडी, चाळलेली माती भरा आणि एक-एक लिटर पाणी घाला. दोन बादल्यांतील मातीवर कडुनिंबाची प्रत्येकी २०० ग्रॅम वाळकी पाने पसरा; दोन उघड्या ठेवा. आता एक उघडी आणि एक झाकलेली बादली उन्हात ठेवा; उरलेली जोडी दाट झाडाच्या सावलीत ठेवा. चारही बादल्यांचे वजन करून लिहा. त्यानंतर सात दिवस रोज ठराविक वेळी वजन करा. वजनात जेवढे ग्रॅम घट येईल, तेवढे मिलिलिटर पाणी उडाले. दुपारी तीन वाजता मातीत ५ सेंटिमीटर खोल प्रयोगशाळेतील तापमापक खुपसून तापमानही नोंदा. ताप पाहण्याचा तापमापक येथे वापरू नका, तो फुटेल.

पहिल्या बादलीला एकही सावली नाही. दुसरीला फक्त खालची, तिसरीला फक्त वरची आणि चौथीला दोन्ही सावल्या आहेत. कोणत्या सावलीने किती पाणी वाचवले, हे तुमच्याच आकड्यांवरून कळेल. आलेख कागदावर चार रेघा काढा आणि वर्गात लावा.

शिक्षकांना एक विनंती. हा प्रयोग मार्च महिन्यात, शाळेच्या आवारात पाने पडत असतानाच करावा. आठवडाभरात निष्कर्ष हाती येतील, तोवर पानांचा ढीगही तयार झालेला असेल. गेल्या जुलैत लावलेली शाळेतील रोपे मुलांकडून मोजून घ्यावीत, त्यांच्या आळ्यांत बादलीभर पाणी द्यावे आणि तो ढीग त्यांच्यात वाटून टाकावा. मग जूनमध्ये शाळा उघडली की रोपे पुन्हा मोजावीत.